दहावी टोपी

“नऊ टोप्या,” राहमीमकाका म्हणाले, आणि दहावी मीच खिशात दडवून ठेवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आम्ही सिनेगॉगच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्यात माणसं मोजत नाहीत, टोप्या मोजतात. माणसं मोजायची ती देवानं. दहा टोप्या भरल्या की प्रार्थना सुरू. नऊ असतील तर तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून बाहेर निघत नाही, मग नऊच्या नऊ जण दाऊद राजाचे पणतू का असेनात.

“शिमोनचं कुटुंब श्रावणात इस्रायलला गेलं ना,” मी म्हणालो. “एक टोपी त्यांच्याबरोबर गेली.”

“गेली ते मलाही ठाऊक आहे. आणायची कुठून ते बोल. परवा संध्याकाळी सण लागतो.”

सण म्हणजे कीप्पूर. क्षमेचा दिवस, पाण्याचा थेंबही न घेता करायचा उपास. आमच्या जुन्या बायका त्याला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि सिनेगॉगखेरीज कुठे पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची आणि एकमेकांकडे जायचं. ही गोष्ट त्रेसष्ट सालची. गाव चिंचवटी, कुंडलिकेच्या खाडीच्या काठी. इस्रायल आळीत तेव्हा आमची सात घरं उरली होती.

मी अशेर चिंचवटीकर, तेली. आमचा घाणा पाच पिढ्यांचा. शनिवारी बैल सोडून ठेवायचो म्हणून गावानं आम्हाला शनवार तेली नाव दिलं, आणि ते नाव मी पदवीसारखं मिरवलं. गर्व होता मला. अजून आहे. नव्वदीला टेकलो तरी गेला नाही, आता काय जायचा? आणि सगळ्यात मोठा गर्व कशाचा, तर कीप्पूरच्या दुपारी योनाची कहाणी वाचायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर बाबा, बाबांनंतर मी. आधी हिब्रूत वाचायचं, मग बायकांना कळावं म्हणून मराठीत. खरं सांगायचं तर पुरुषांनाही तेव्हाच कळायचं, पण ते तसं कबूल करत नसत.

“पेणला जा,” काका म्हणाले. “भाताच्या गिरणीत हिस्केल आहे. इस्रायलहून परत आल्यापासून एकटाच राहतो. त्याला घेऊन ये.”

मी उठून उभा राहिलो. “दुसरं नाव सांगा.”

“दुसरं नाही.”

“मग नऊ टोप्यांवर सण करू.”

“अशेर, मी तुला विचारत नाहीये. सांगतोय.”

काका आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. त्यांच्यापुढे आवाज चढवायची आमच्यात रीत नाही. मी मान हलवली आणि घरी आलो. मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं नाही.

हिस्केल माझा मेहुणा व्हायचा होता. पन्नास साली माझ्या धाकट्या बहिणीशी, सिपोराशी, त्याचं लग्न ठरलं होतं. मांडवाचे खांब मी माझ्या हातांनी रोवले होते. लग्नाला चार दिवस उरले असताना हा पठ्ठ्या मुंबईहून इस्रायलला निघून गेला. तिकडे जम बसवतो आणि सिपोराला बोलावून घेतो, असा निरोप त्यानं रेवदंड्याच्या उझीएल मास्तरांकडे ठेवला. सोयरीक त्यांनीच जुळवली होती. मांडव मीच उतरवला. आळीतल्या बायका सिपोराच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि ती कोरड्या डोळ्यांनी त्यांनाच पाणी देत होती.

नंतर ती शिक्षिका झाली, मग गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सिपोराबाई म्हटलं की कोळीवाड्यातले दांडगे बापेसुद्धा विडी विझवायचे. तिचं अक्षर तालुक्यात पहिलं. स्थळं आली, तिनं ती परतवली. आणि मी बाबांच्या फोटोसमोर शपथ घेतली, की मी जिवंत असेपर्यंत हिस्केलचं पाऊल आमच्या उंबऱ्याला लागणार नाही आणि त्याचा शब्द माझ्या बहिणीच्या कानावर पडणार नाही. ती शपथ पाळायला मी एक काम असं केलं होतं, जे तिला कधी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती चुलीपाशी भाकरी बांधून देत होती.

“पेणची एस.टी. सातची आहे, दादा. तू खाडीकडे कुठे निघालास?”

“रेवदंड्याला. उझीएल मास्तरांना आणतो.”

“काकांनी पेण सांगितलं होतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“काकांनीच.”

मी चपला शोधायला लागलो. त्या पायातच होत्या.

“मास्तर पंचाहत्तरचे आहेत,” ती म्हणाली.

“डोकं पंचाहत्तरचं असलं तरी टोपी ती टोपीच.”

ती हसली नाही. भाकरीचं फडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, “आण कुणालाही. पण सण मोडू देऊ नकोस. शेजारच्या बायका विचारतात, तुमचा देव पण गेला का तिकडे?”

ओहोटीबरोबर मचवा खाली निघाला आणि दुपारच्या आत मी रेवदंड्याला उतरलो. मास्तरांचं घर नारळीच्या वाडीत. अंगणात पाऊल टाकलं तर मास्तर ओसरीवर आडवे, उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. आणि त्यांच्या पायाशी बसून एक माणूस रंध्यानं कुबडी घासत होता. केस पिकलेले, खांदे उतरलेले. त्यानं मान वर केली आणि मी ओळखलं.

“ये अशेर,” मास्तर म्हणाले. “पण हिस्केल इथं आहे हे तुला कुणी सांगितलं?”

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

आमच्यात कीप्पूरच्या आधीचे दिवस माफी मागायचे. देवाचा अपराध देव माफ करतो, पण माणसाचा अपराध त्या माणसाकडे जाऊनच मिटवायचा, त्यात देवही मध्ये पडत नाही. हिस्केल त्यासाठीच आला होता. ज्यांचा शब्द त्यानं खाली पाडला ते मास्तर पहिले. मास्तर न्हाणीत घसरलेले पाहून दोन दिवस कुबडी करायला राहिला.

“मी तुम्हाला न्यायला आलोय, मास्तर,” मी म्हणालो. “आमच्याकडे नऊच आहेत.”

“मला? या पायानं? मला उचलायला आठ माणसं लागतील, म्हणजे दहाजणांचा मिन्यान वाटेतच भरेल.” मास्तर स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. “याला ने. तो तसाही तुमच्याकडेच यायचा होता. धीर होत नव्हता म्हणून माझी कुबडी तीनदा घासून झाली.”

हिस्केल रंध्याच्या तोंडातला भुसा काढत बसला.

मी वाडीत जाऊन उभा राहिलो. आता पेणला जाऊन तरी काय, पेणचा माणूसच इथं बसलेला. रिकाम्या हातानं परत गेलो तर सण मोडणार. तोरा बाहेर निघणार नाही, म्हणजे योना वाचायचा नाही, म्हणजे बाबांच्या, आजोबांच्या मानाला पहिला खाडा माझ्या काळात. एका बाजूला माझी शपथ आणि एका बाजूला माझ्या घराचा मान, आणि दोन्हीकडे मीच. असा चांगलाच कात्रीत सापडलो.

परत येऊन विचारलं, “टोपी आहे?”

“आहे,” हिस्केल म्हणाला.

“मग टोपीला नेतो. तुला नाही. झोपायचं काकांकडे. माझ्या घराकडे बघायचं नाही.”

“बरं.”

इतकं साधं ‘बरं’ म्हणाला की मला भांडायलाही जागा राहिली नाही.

रात्र मी बंदरावरच काढली. पहाटेच्या भरतीला मचवा वर चढायला लागला. शीड पडलेलं, पाणीच आम्हाला गावाकडे ओढत होतं. तांडेल तंबाखू मळत होता. हिस्केल माझ्यापासून हातभर दूर बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “एक विचारू?”

“विचार.”

“मी तिला तीन पत्रं लिहिली. मिळाली का तिला?”

ते काम हेच होतं. गणू भोईर पोस्टमन टपाल घेऊन गावात शिरायचा तो माझ्या घाण्यावरून. पहिलं पत्र एकावन्न साली त्यानं विश्वासानं माझ्या हातात दिलं. मी चुलीत घातलं. दुसरं पुढच्या वर्षी, तेही चुलीत. तिसरं आलं तोवर गणू सेवेतून सुटला होता, नव्या पोस्टमननं दिलं. ते चुलीपाशी धरलं आणि जाळाच्या उजेडात कागदाच्या आतून चार अक्षरं दिसली. माथ्यावर हिब्रूत देवाचं नाव, पुरतं लिहिलेलं. शहाणा माणूस ते नाव असं कुठेही पुरतं लिहीत नाही, कारण ते ज्या कागदावर उतरतं तो कागद मग जाळता येत नाही, फाडता येत नाही, टाकताही येत नाही. हिस्केल कधीच शहाणा नव्हता. पत्र हातात धरून मी बसलो. माणसाचे शब्द जाळायला माझा हात धजावत होता, त्या नावापुढे थांबला.

असे कागद आम्ही सिनेगॉगमधल्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. जीर्ण झालेली प्रार्थनेची पुस्तकं, फाटकी पानं, सगळं त्यात. पेटी भरली, की पुढे आळीतलं जे कुणी जाईल त्याच्याबरोबर ते पुरायचं. मी ते पत्र बंदच्या बंद नेऊन पेटीच्या तळाशी सरकवलं. ते तिथे आहे हे ठाऊक असलेले दोघंच, एक मी आणि दुसरा तो, ज्याचं नाव माथ्यावर होतं.

“मिळाली,” मी म्हणालो. “तिनं चुलीत घातली.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

तो पाण्याकडे बघत म्हणाला, “बरोबर केलं तिनं.”

चिंचवटी दिसायला लागली. हा आता तिच्यासमोर जाणार नाही, नजर उचलणार नाही, मी मनात म्हणालो. एक दिवस काढायचा, की टोपी परत पेणला. पण ते ‘बरोबर केलं तिनं’ घशात मासळीचा काटा अडकावा तसं अडकलं.

संध्याकाळी सण लागला. दारं लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पांढऱ्या धोतरात तेब्यावर, म्हणजे वाचायच्या चौथऱ्यावर, चढलो. दहा टोप्या भरलेल्या, काकांचा चेहरा उजळलेला. बाजूच्या खोलीत बायका बसलेल्या, मधल्या दाराला पडदा. हिब्रू मी छान वाचलं. माझं वाचणं ऐकायला पूर्वी अलिबागहून माणसं यायची, हे मी सांगितलं का? नसेल तर आता सांगितलं.

मग मराठी सुरू केलं. देवानं योनाला सांगितलं, निनवे शहराला जा. योना उठला आणि बंदरावर जाऊन उलट्या दिशेच्या जहाजात बसला.

इथं माझी जीभ अडखळली. बारा वर्षं वाचत होतो, कधी अडखळली नव्हती. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पडद्यामागून एक खोकला आला. तो खोकला मी ओळखला. शाळेत कुणी पोरगी चुकीचं वाचायला लागली की सिपोरा तशीच खोकायची.

मी पुढे वाचलं. वादळ, मासा, किनारा. ते भराभर उरकलं, कारण मासा सगळ्यांनाच पाठ होता. शेवटाकडे आलो. शहरानं पश्चात्ताप केला, देवानं शहर राखलं, आणि योना रुसून उन्हात जाऊन बसला. देवाला म्हणाला, मला ठाऊकच होतं तू माफ करणार, म्हणून तर मी पळालो होतो. हे वाक्य मी आधी बारा वेळा मोठ्यानं वाचलं होतं. ऐकलं मात्र त्या दुपारी. मला तोवर वाटायचं, योना भित्रा होता. तो भित्रा नव्हताच. देव ज्याला माफ करायला निघाला होता, त्याला माफी मिळू नये एवढंच त्याला हवं होतं. मी पुस्तक मिटलं.

सूर्य मावळला. शेवटची प्रार्थना झाली, काकांनी मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकला, सण सुटला. आता फक्त हातबोशी राहिली.

हातबोशी आमची जुनी रीत. हज्जान आपले हात शेजारच्याला देतो. तो ते आपल्या दोन्ही हातांत घेतो, मग स्वतःची बोटं ओठांना लावतो आणि पुढच्याला हात देतो. असा एकच हात सगळ्यांतून फिरतो. कुणी तो अडवायचा नाही. एकानं अडवला की सगळ्यांचा सण अडला. आणि शेवटचा माणूस तो हात पडद्याच्या दाराशी नेऊन बायकांना देतो. आमच्याकडे तो शेवटचा माणूस दरवर्षी मीच, आणि दाराशी घेणारी सिपोरा.

मी सकाळीच हिशोब करून ठेवला होता. पाहुण्याची जागा काकांच्या उजव्या हाताला, म्हणजे हिस्केल पहिला. मी दाराशी शेवटचा. मध्ये सात माणसं. त्याचा हात माझ्यापर्यंत येईतो सातांचा झालेला असेल. शोफार संपता संपता मी चौथऱ्यावरून उतरलो आणि सरळ दाराशी जाऊन उभा राहिलो.

शेजारी कोण म्हणून मान वळवली, तर हिस्केल. त्यालाही वाटलं होतं, वाचणारा म्हणजे अशेर काकांजवळ असणार, आपण आपले दाराशी लांब उभे राहू. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि झापड काढली की जागच्या जागी असतो. आमचं दोघांचं तसंच झालं. जागा बदलायला वेळ नव्हता, हात निघाला होता.

आठ माणसांतून हात फिरून त्याच्याकडे आला. त्यानं घेतला, बोटं ओठांना लावली आणि माझ्याकडे वळला. हात पुढे केला, पण अर्ध्यावरच थांबवला. मी नाही घेतला तर लोकांना दिसू नये म्हणून. इतका विचार त्यानं माझा केला. मग मी घेतला. खरखरीत होते त्याचे हात, माझ्यासारखेच.

मी पडद्याशी गेलो. सिपोरा पांढऱ्या लुगड्यात उभी होती.

“कुणाचा हात आणलास, दादा?” तिनं हळू विचारलं. असं ती कधी विचारत नसे.

“सगळ्यांचा.”

“त्याचाही?”

“त्याचाही.”

तिनं माझा हात घेतला, बोटं ओठांना लावली. पुढच्या बाईला द्यायची ती थांबली. तशीच माझ्याकडे बघत म्हणाली, “दोन पत्रं होती ना?”

मी पडद्याची कड धरली.

“गणू भोईर सुटला त्या वर्षी शाळेत निरोप घ्यायला आला होता,” ती म्हणाली. “बाई, तुमची परदेशची दोन पत्रं दादांकडे दिली होती, पोचली ना? मी म्हटलं, पोचली. त्यानंतर नऊ कीप्पूर झाले, दादा. दरवर्षी तू हा हात घेऊन येतोस आणि मी वाट बघते, की यंदा सांगशील.”

दोन. तिला दोनच ठाऊक होती आणि दोन्हीची राख झाली होती. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर ती रडली असती, मी माफी मागितली असती, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. शपथ राहिली असती. पेटी उद्या-परवा कुणाच्या तरी कबरीत उतरली असती. पंचवीस तासांचा उपास, जीभ टाळूला चिकटलेली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बढाया मारल्या, पण खरी मारण्यासारखी एकच आहे, आणि ती हा एक शब्द.

“तीन,” मी म्हणालो.

“काय?”

“तीन होती. दोन मी जाळली. तिसरं आहे.”

मी काकांकडे जाऊन हात पुढे केला. काकांनी कशाला म्हणून विचारलं नाही, कमरेची किल्ली सोडून दिली. मी पेटी उघडली, जीर्ण पुस्तकं बाजूला केली, तळाशी हात घातला. पत्र होतं तसंच होतं. कडा पिवळ्या झाल्या होत्या एवढंच.

तिनं उलटसुलट करून पाहिलं. “वाचलं नाहीस?”

“नाही.”

“तेवढं तरी बरं केलंस.”

तिनं ते दिव्याखाली उभं राहून उघडलं. उपास सोडायला मनुकांचं सरबत गाळून ठेवलं होतं, कुणी त्याला हात लावला नाही. तिनं एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, घडी घातली. मग पडदा सारून पुरुषांच्या बाजूला आली आणि हिस्केलसमोर उभी राहिली.

“तुमचं पत्र मिळालं,” ती म्हणाली. “आज मिळालं. आधीची दोन माझ्या भावानं जाळली. मी नाही.”

हिस्केलनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण नाही घातली. त्यानं डोक्यावरची टोपी नुसती सारखी केली.

“उत्तर उद्या देते,” ती म्हणाली. “सकाळी घरी या. शिळा सण आहे, दारं उघडी असतात.”

सकाळी त्याला दार मीच उघडलं. शपथेचं काय झालं म्हणाल, तर उंबऱ्यावरून तो आत आला आणि मीच त्याला पाट दिला. सिपोरानं तिघांना चहा ओतला. पत्र तिच्या मांडीवर होतं. त्यात काय होतं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, पण एवढं सांगितलं, की त्यानं लग्नाचं पुन्हा विचारलं होतं. यायचं असेल तर हो कळव, नसेल तर नाही कळव, पण कळव, असं लिहिलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

हिस्केलनं कप खाली ठेवला.

“तेव्हा पत्र मिळालं असतं तर मी काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही, हो म्हणाले असते असंही वाटतं. पण आज माझ्या शाळेत एकशे चाळीस मुली आहेत. त्यांना टाकून मला कुठे जायचं नाही, आणि या वयात कुणाचं घरही मांडायचं नाही. राग नाही. तुम्ही माफी मागायला आलात ना? दिली.” मग कप पुढे सरकवून म्हणाली, “पण दर कीप्पूरला या. इथं दहावी टोपी लागते.”

“येईन,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज मोकळा होता. अंगणात उतरताना थांबून मला म्हणाला, “अशेर, तिनं जाळली नव्हती, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.”

तो गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो. “मला काय शिक्षा ते सांग,” म्हणालो.

“मला ‘नाही’ म्हणायचं होतं, दादा. नाहीतर ‘हो’ म्हणायचं होतं. काय ते माझं होतं. बारा वर्षं तू ते खिशात घालून फिरलास आणि वर म्हणत राहिलास, माझ्या बहिणीचा मान मी राखला.” ती उठली, कप विसळायला घेतले. “काल हात घेतला तो रीत म्हणून. तुझा घ्यायला वेळ लागेल.”

वेळ लागला. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी रोज घाण्यावरून आलो की तिच्या टेबलावर तेलाचा दिवा भरून ठेवायचो आणि ती वह्या तपासायची. पुढच्या कीप्पूरला हात घेऊन पडद्याशी गेलो, तर मी पुढे करायच्या आधी तिनंच दोन्ही हात पुढे केले. मी तिथेच, सगळ्यांदेखत, लहान पोरासारखा रडलो. शेजारी हिस्केल उभा होता. त्यानं मला रुमाल दिला.

हिस्केल अठरा वर्षं आला. एकदाही चुकला नाही, तापात असतानाही आला. आमच्या आळीतली घरं सातावरून चारावर आली, पण तो होता तोवर चिंचवटीचा सण मोडला नाही. मी ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायला बारा वर्षं झटलो, त्याच्याच टोपीवर माझ्या घराचा मान टिकला.

सिपोरा एकोणऐंशीची होऊन गेली. तिच्या हाताखालच्या पोरींच्या नाती तिला पोचवायला आल्या होत्या. रीतीप्रमाणे मी पेटी आणवली, तिच्याबरोबर पुरायचे कागद काढायला. ते पत्र तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडलं. इतकी वर्षं मी ते उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं, पण मजकूर वाचला नाही. माथ्यावर देवाचं नाव होतं आणि अगदी खाली, वहीवर शेरा मारावा तशा दोन ओळी तिच्या हातच्या होत्या.

‘पोचलं. उत्तर समक्ष दिलं. — सिपोरा.’

घडी घालून मी ते तिच्या उशाशी ठेवलं. अक्षर शेवटपर्यंत तालुक्यात पहिलंच होतं तिचं.